जुन्या पीसीवर कानबाईचा व्हिडिओ: सॉफ्टवेअर निवडताना काय काय तपासलं

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई देवी बसते, सोमवारी विसर्जन होतं आणि मंगळवारपर्यंत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्लिपांचा ढीग पडलेला असतो. नैवेद्याचे रोट भाजतानाची एक, स्थापनेची आडवी, मिरवणुकीतली उभी, आजीच्या अहिराणी गाण्याची अंधारात काढलेली. लग्नसराईत आणि आखाजीलाही (अक्षय्य तृतीयेला) हेच. हे सगळं जोडून वीसेक मिनिटांचा व्हिडिओ करायचा, टीव्हीवर बघायचा आणि यूट्यूबवर टाकून पुण्या-सुरतेच्या नातेवाइकांना लिंक पाठवायची, एवढंच काम असतं. त्यासाठी ‘भो, एखादं सोपं सॉफ्टवेअर सांग’ असा निरोप आला की नाव सांगण्याआधी दोन गोष्टी विचाराव्या लागतात: कॉम्प्युटर कोणता, आणि क्लिपा कुठल्या फोनच्या? सॉफ्टवेअर सोपं जाणार की डोकं खाणार, हे बटणांपेक्षा या दोन उत्तरांवरच जास्त ठरतं.

पुढचं सगळं ज्या मशीनवर तपासलं ती जळगाव-धुळ्याकडे घरोघर दिसते तशीच आहे. ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १०. (विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मशीन चालते, पण तिच्यावर बँकेची कामं करू नयेत.)

आपला प्रोसेसर कितव्या पिढीचा, हे बघायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करायचं. नावातल्या चार आकडी नंबरचा पहिला आकडा म्हणजे पिढी: ४५७० असेल तर चौथी, ६५०० असेल तर सहावी. हा आकडा महत्त्वाचा अशासाठी, की आजकालचे बरेच फोन जागा वाचवायला एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ पद्धतीने व्हिडिओ साठवतात, आणि तो उलगडायची पूर्ण सोय इंटेलच्या चिपमध्ये सहाव्या पिढीपासून आली. त्याआधीच्या प्रोसेसरला सगळं गणित स्वतः करावं लागतं. म्हणून जुन्या पीसीवर क्लिप अडखळत चालते आणि माणूस सॉफ्टवेअरला शिव्या घालतो. सॉफ्टवेअर बदललं तरी ती क्लिप तशीच अडखळते.

यावर सगळ्यांत स्वस्त इलाज फोनमध्येच आहे. आयफोनला सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडायचं. सॅमसंगला कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं ‘हाय एफिशियन्सी व्हिडिओ’ बंद करायचं. मग जुन्या एच.२६४ पद्धतीने रेकॉर्डिंग होतं. फाइल मोठी होते, १०८०पीला मिनिटाला साधारण १३० एमबी, पण जुना पीसी तिला हसत खेळत चालवतो. ४केच्या वाटेला जाऊच नये. तेवढ्याच मिनिटाला साडेतीनशे एमबी जातात आणि घरच्या टीव्हीवर बघणाऱ्याला फरक कळतही नाही. अर्थात हे कार्यक्रमाआधी सांगायचं. क्लिपा आल्यावर सांगून काही उपयोग नाही.

आलेल्या क्लिपांत आणखी दोन भानगडी असतात. पहिली व्हॉट्सॲपची. व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप दाबून लहान होऊन येते आणि टीव्हीवर आजीचा चेहरा पुसट दिसतो. तीच क्लिप ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी येते. मर्यादा २ जीबीची. दुसरी भानगड जास्त छुपी. फोन उजेड कमी-जास्त झाला की फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) बदलत राहतो: कधी सेकंदाला ३०, कधी २४. ठरलेल्या रेटने चालणाऱ्या एडिटरमध्ये अशी क्लिप सुरुवातीला बरोबर असते, मग हळूहळू ओठ पुढे आणि आवाज मागे पडत जातो. मीडियाइन्फो नावाच्या छोट्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये क्लिप टाकली की ‘फ्रेम रेट मोड’पुढे ‘व्हेरिएबल’ दिसतं. हे दिसलं की आधी दुरुस्ती, मग एडिटिंग. दुरुस्ती हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होते: ‘फास्ट १०८०पी३०’ हे प्रिसेट (तयार सेटिंग) घ्यायचं, व्हिडिओच्या टॅबमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडायचं आणि स्टार्ट दाबायचं. क्लिपा बऱ्याच असतील तर सगळ्या रांगेत लावून रात्री सोडून द्यायचं.

आता निवडीकडे. कुठल्याही सॉफ्टवेअरचे फीचर वाचत बसण्यापेक्षा एक छोटी चाचणी तयार ठेवणं बरं. एका फोल्डरमध्ये पाच गोष्टी: फोनची एक मिनिटाची आडवी क्लिप, व्हॉट्सॲपवरची उभी क्लिप, एक फोटो, एक एमपी३ आणि एक मराठी ओळ. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये हेच करायचं: मधला तुकडा कापून फेकायचा, उभी क्लिप जोडायची, फोटो पाच सेकंद दाखवायचा, गाणं खाली हळू वाजवायचं, ओळ वर लिहायची, आणि शेवटी तयार व्हिडिओची एमपी४ फाइल बाहेर काढायची, म्हणजे एक्स्पोर्ट. एक्स्पोर्टपर्यंत जायचंच. बरीच ‘फ्री’ म्हणवणारी सॉफ्टवेअर इथेच खरी कळतात. तासभर सगळं गोड चालतं आणि सेव्ह करताना व्हिडिओवर आडवा वॉटरमार्क (कंपनीच्या नावाचा शिक्का) येतो किंवा रेझोल्यूशन कमी करून पैसे मागतात. वीस मिनिटांचं काम करून झाल्यावर हे कळण्यापेक्षा एका मिनिटाच्या कामात कळलेलं काय वाईट?

मराठी ओळ आम्ही मुद्दाम त्रासदायक निवडली: ‘पाचोऱ्याच्या श्रीक्षेत्री उद्घाटनाचा कार्यक्रम’. यात ऱ्या आहे, श्री आहे, क्ष आणि त्र आहेत, द्घ आहे आणि र्य वरचा रफारही आहे. देवनागरी नीट न जुळवणारं सॉफ्टवेअर या ओळीत कुठे ना कुठे उघडं पडतं: रफार भलत्याच अक्षरावर जातो, नाहीतर जोडाक्षर फुटून पाय मोडलेली दोन अक्षरं शेजारी उभी राहतात. ‘जळगाव’ लिहून बघितलं तर सगळीच सॉफ्टवेअर पास होतात, म्हणून तसली सोपी ओळ घेऊ नये.

मूव्ही मेकर अजून लोकांच्या डोक्यात आहे. ते बंद झालं. मायक्रोसॉफ्टने विंडोज इसेन्शियल्स २०१२ १० जानेवारी २०१७ला काढून घेतलं. आता त्या नावाने गुगलवर जे डाउनलोड दिसतं ते बहुतेक तिसऱ्याच कोणाचं तरी असतं. त्यात पैसे उकळणारी नकली आवृत्तीही फिरून गेली आहे. दुकानदार पेनड्राइव्हवरून ‘फुल व्हर्जन’ टाकून देतो, त्याबद्दलही हेच. असली चोरीची प्रत, म्हणजे क्रॅक, चालवायला अँटीव्हायरस बंद करायला लावतात, यातच सगळं आलं.

डाविंची रिझॉल्व्हचं नाव प्रत्येक यूट्यूबवाला घेतो, आणि ते खरंच उत्तम आहे. मोफत आवृत्तीत वॉटरमार्क नाही, ४केपर्यंत एक्स्पोर्ट आहे. पण ते १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड धरून बनवलेलं आहे. ८ जीबीच्या, कार्ड नसलेल्या पीसीसाठी ते नाहीच. मुलाने गेमिंगसाठी कार्डवाला पीसी घेतलेला असेल, तर मात्र बाकी काही बघायची गरज नाही.

विंडोज ११ असेल तर क्लिपचॅम्प आधीच बसलेलं असतं (कंपनी मायक्रोसॉफ्टने २०२१मध्ये घेतली). पाच गोष्टींच्या चाचणीत सगळ्यांत लवकर जमणारं हेच. क्लिप ओढून आणली, कात्रीचं चिन्ह दाबलं, झालं. १०८०पीपर्यंत मोफत, वॉटरमार्क नाही. फक्त त्यातले ‘प्रीमियम’ लिहिलेले स्टॉक व्हिडिओ आणि गाणी वापरायची नाहीत. अट एकच: मायक्रोसॉफ्टचं खातं आणि चालू इंटरनेट लागतं. ज्या गावात लाइट गेली की राउटरही जातो आणि मोबाइलच्या टॉवरचीही खात्री नाही, तिथे हे भरवशाचं नाही.

फक्त लांब क्लिपचे तुकडे करायचे असतील, जोडकाम काहीच नसेल, तर लॉसलेसकट पुरेसं आहे. ते व्हिडिओ नव्याने बनवत नाही, फाइल तशीच कापून वेगळी ठेवतं, म्हणून दोन जीबीची क्लिपही काही सेकंदांत कापली जाते आणि दर्जा तसूभर उतरत नाही. बदल्यात काप नेमका बोटाखाली बसत नाही. जवळच्या की-फ्रेमवर (फाइलमध्ये थोड्या थोड्या अंतराने साठवलेल्या पूर्ण चित्रावर) सरकतो, म्हणजे सेकंद-दोन सेकंद इकडेतिकडे. भाषणाची सुरुवात छाटायला चालतं, गाण्याच्या तालावर कापायला नाही.

उरलेल्या मोफत आणि खुल्या सॉफ्टवेअरमध्ये ओपनशॉट दिसायला सर्वांत सुटसुटीत, केडेनलाइव्ह सर्वांत भरलेलं, आणि शॉटकट त्या दोघांच्या मधलं. चौथ्या पिढीच्या पीसीवर वीस-पंचवीस मिनिटांची टाइमलाइन (क्लिपा ओळीने मांडायची पट्टी), मराठी अक्षरं आणि फोनच्या क्लिपा हे तिन्ही धरून आम्ही शॉटकटवर थांबलो. केडेनलाइव्हही चाललं असतं; शिकायला थोडा जास्त वेळ घेतं इतकंच. शॉटकट त्याच्या स्वतःच्या, डॉट ओआरजी असलेल्या साइटवरूनच घ्यायचं. तिथे इन्स्टॉलर असतो आणि पोर्टेबल झिपही. झिप उघडून थेट चालवता येते, हे कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या पीसीवर उपयोगी पडतं. ३२ बिटच्या विंडोजवर मात्र चालत नाही.

शॉटकट पहिल्यांदा उघडलं की रिकामी काळी खिडकी बघून माणूस घाबरतो. टाइमलाइनही आधी दिसत नाही. वरच्या पट्टीतलं ‘टाइमलाइन’ बटण दाबावं लागतं. पण त्याआधी व्हिडिओ मोड ठरवायचा. तो आपोआपवर ठेवला तर पहिली टाकलेली क्लिप सगळ्या प्रोजेक्टचा आकार ठरवते. पहिली क्लिप उभी असली तर अख्खी कानबाई उभ्या चौकटीत अडकते, आणि हे बऱ्याचदा एक्स्पोर्ट झाल्यावर लक्षात येतं. नवा प्रोजेक्ट करतानाच ‘एचडी १०८०पी ३० एफपीएस’ निवडलं की प्रश्न मिटला. उभ्या क्लिपांना मग दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. त्यांवर ‘ब्लर: पॅड’ फिल्टर लावला की पट्ट्यांच्या जागी त्याच दृश्याची धूसर छाया येते. टीव्हीवर हे बरं दिसतं.

सगळ्या क्लिपा, फोटो, गाणी प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये आधी कॉपी करून घ्यायच्या. प्रोजेक्टच्या एमएलटी फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त कोणती क्लिप कुठे आहे याची नोंद असते. पेनड्राइव्हवरून थेट क्लिपा ओढल्या आणि दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह आत्याकडे परत गेला, की टाइमलाइन रिकामी. सगळं एकाच फोल्डरमध्ये असलं तर तो फोल्डर उचलून दुसऱ्या पीसीवर नेला तरी काम तसंच उघडतं.

फोनची क्लिप टाकल्यावर शॉटकट कधी कधी स्वतःच विचारतं, की हिचा फ्रेम रेट बदलता आहे, एडिटिंगला सोयीची करून देऊ का? हो म्हणायचं आणि ‘गुड’ हा पर्याय घ्यायचा. ‘बेस्ट’ घेतलं तर एसएसडी बघता बघता भरते. सेटिंग्जमधलं ‘यूज प्रॉक्सी’ही चालू करायचं. मग सॉफ्टवेअर प्रत्येक जड क्लिपची हलकी नक्कल बनवतं, आपण कापाकापी त्या नकलेवर करतो आणि एक्स्पोर्ट मूळ क्लिपेवरून होतं. नकला तयार होईपर्यंत पीसी मंद चालतो, पंख्याचा आवाज वाढतो. चहा करून यायचा. तरीही अडखळलं तर ‘प्रिव्ह्यू स्केलिंग’ ३६०पीवर आणायचं. त्याने फक्त समोरचं चित्र जाडंभरडं दिसतं, अंतिम व्हिडिओवर परिणाम होत नाही.

कापायला चार बटणं पुरतात. जिथे कापायचं तिथे रेघ आणून एस दाबलं की क्लिपेचे दोन भाग होतात. एक्स दाबलं की निवडलेला भाग जातो आणि पुढचं सगळं मागे सरकून भोक भरतं. झेड दाबलं की भाग जातो पण जागा रिकामी राहते. ए दाबलं की निवडलेली क्लिप ट्रॅकच्या शेवटी जोडली जाते. खाली गाणं लावलेलं असताना एक्स जपून वापरायचं. वरचा व्हिडिओ मागे सरकतो, गाणं जागेवरच राहतं, आणि आरतीचा ताल तोंडाशी जुळेनासा होतो. म्हणून आधी सगळी कापाकापी आणि क्रम, गाणं अगदी शेवटी.

मराठी शीर्षकासाठी ‘टेक्स्ट: सिंपल’ फिल्टर. फॉन्ट युनिकोडचाच हवा. जुन्या टायपिंगच्या फॉन्टमध्ये लिहिलेली ओळ इथे इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन येते. निर्मला विंडोजमध्ये असतोच. पण मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर गुगल फॉन्ट्सवरचा टिरो देवनागरी मराठी मोफत आहे. टाइप करायला विंडोजचा मराठी फोनेटिक कीबोर्ड पुरतो. पाचोऱ्याची ओळ शॉटकटमध्ये न फुटता उमटली. ज्या सॉफ्टवेअरमध्ये फुटते तिथे एक आडवाट आहे: इंकस्केप या चित्रं काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ओळ लिहून मागची बाजू पारदर्शक ठेवून पीएनजी काढायची आणि फोटोसारखी वरच्या ट्रॅकवर ठेवायची. अक्षरांना काळी किनार द्यायची, नाहीतर पांढऱ्या अक्षरांत ‘कानबाई मायना उत्सव’ लिहिलेलं पांढऱ्या चादरीवर हरवून जातं.

आवाजाला मात्र वेळ द्यावा, कारण खराब चित्र लोक बघून घेतात, खराब आवाज सहन करत नाहीत. घरातल्या क्लिपांमध्ये कूलरची घरघर असते. ‘हाय पास’ फिल्टर शंभर हर्ट्झच्या आसपास लावला की घुमणारा खालचा भाग जातो. बाईमाणसाचा आवाज त्याच्या बराच वर असतो, त्यामुळे आजीच्या गाण्याला धक्का लागत नाही. कूलरच्या वाऱ्याची ‘सूं’ मात्र त्याने जात नाही. ती फार असेल तर आवाज ऑडॅसिटी या आवाजाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नेऊन, फक्त कूलर ऐकू येतो असा सेकंदभराचा तुकडा नमुना म्हणून द्यायचा आणि नॉइज रिडक्शन १२ डेसिबलवर चालवायचं. त्याहून वर नेलं तर माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. ढोल किंवा डीजेजवळ उभ्या असलेल्या फोनचा आवाज फाटलेला असतो आणि फाटलेला आवाज कुठल्याही फिल्टरने शिवला जात नाही. तिथे लांब उभ्या असलेल्या फोनचा आवाज घ्यायचा: दोन्ही क्लिपा एकाखाली एक ठेवून ‘डिटॅच ऑडिओ’ करायचं, ढोलाचा एखादा ठसठशीत ठोका दोन्हींच्या लाटांत शोधून जुळवायचा आणि फाटका आवाज बंद करायचा. पार्श्वसंगीत बोलण्याखाली वजा १८ ते वजा २० डेसिबलला ठेवलं की शब्द कळतात. यूट्यूबवर टाकायचं असेल तर हिट अहिराणी गाणं पाठीमागे लावू नये. कॉपीराइटचा दावा आपोआप लागतो, आणि मिरवणुकीत डीजेवर वाजत असलेलं गाणंही त्यात धरलं जातं. यूट्यूब स्टुडिओच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत मिळतं.

एक्स्पोर्टमध्ये ‘यूट्यूब’ प्रिसेट घेतलं की बहुतेक काम होतं. यूट्यूबची शिफारस १०८०पी ३० फ्रेमला ८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), ७२०पीला ५. एका मिनिटाच्या चाचणीला तीन मिनिटांपेक्षा जास्त लागले, तर ७२०पीवर उतरायचं. पिक्सेल निम्म्याहून कमी होतात आणि वेळही त्या मानाने घटतो. ‘यूज हार्डवेअर एन्कोडर’वर टिक केली की झपाट्याने होतं, पण तेवढ्याच आकाराच्या फाइलमध्ये दर्जा किंचित पडतो. घाई असेल तरच. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे ४४-४५ अंशांत दुपारी एक्स्पोर्ट लावलं तर प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो. कॅबिनेटमधली धूळ झाडलेली नसेल तर पीसी बंदही पडतो. रात्री लावावं. आणि यूपीएस हवाच. साधा ६०० व्हीएचाही चालेल, पण एक्स्पोर्टमध्ये लाइट गेली आणि पीसी बंद पडला तर अर्धवट एमपी४ उघडत नाही, कारण त्या फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. एडिटिंग चालू असताना गेली तर शॉटकट पुन्हा उघडल्यावर आधीचं काम परत आणू का, असं विचारतं. तरी कंट्रोल-एसची सवय सोडू नये.

टीव्हीसाठी पेनड्राइव्हवर टाकताना एक अडचण हमखास येते: ‘फाइल टू लार्ज’. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा असला तरी फॅट३२ पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. ८ एमबीपीएसने तासाचा व्हिडिओ ३.६ जीबी होतो, सव्वा तासाचा चार जीबी ओलांडतो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलं की पीसीची अडचण संपते, पण बरेच जुने टीव्ही एक्सफॅट ओळखतच नाहीत. त्यांच्यासाठी लग्नाच्या लांब व्हिडिओचे लॉसलेसकटने दोन भाग करून फॅट३२वरच द्यायचे. कोडेक (व्हिडिओ साठवायची पद्धत) एच.२६४ आणि आवाज एएसी ठेवायचा, एच.२६५ची फाइल जुन्या टीव्हीवर काळा पडदा आणि नुसता आवाज देते.

फाइल वाटण्याआधी सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं मिनिट टीव्हीवर लावून ओठ आणि आवाज जुळतात का ते बघायचं. पहिल्या मिनिटात बरोबर आणि शेवटच्यात मागे पडलेलं असेल, तर एखादी बदलत्या फ्रेम रेटची क्लिप दुरुस्तीविना आत शिरली आहे. ती शोधून हँडब्रेकमधून काढायची आणि टाइमलाइनवर तिच्या जागी नवी टाकायची. सगळं नीट असलं की मूळ क्लिपा आणि एमएलटी फाइल असलेला फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवायचा. प्रॉक्सीचा फोल्डर बिनधास्त उडवायचा. लागल्या तर शॉटकट त्या नकला पुन्हा बनवून घेतं.